जॉर्जियाच्या वाटेने : लहान देश आणि परके भांडवल



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी आयुष्यभर वाणिज्य शिकवले. तेव्हा आज व्यापारावरच बोलावे असे मी ठरवले. देश मात्र दूरचा घेतला आहे. काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी वसलेला जॉर्जिया. वर रशिया, खाली तुर्कस्तान आणि आर्मेनिया, उजव्या हाताला अझरबैजान.

दूरचा म्हटले, तरी या देशाचा एक धागा आपल्या गोव्यात सापडतो. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यासमोर तुमच्यापैकी कितीतरी जण उभे राहिले असतील. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणातल्या शिराझ शहरात धर्म सोडायला नकार दिला म्हणून हालहाल करून मारले. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अवशेषांचा एक भाग गोव्यात आणून या चर्चच्या संकुलात ठेवला. आपल्या पुरातत्त्व खात्याला उत्खननात अस्थी मिळाल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासून त्यांची ओळख पक्की केली आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्या राजधानी त्बिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केल्या. स्वतंत्र जॉर्जियाला भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दिलेली ती पहिली भेट. म्हणजे ओळख चारशे वर्षांची आणि राजकीय भेटीगाठी कालपरवाच्या. व्यापाराचेही तसेच आहे. तो आत्ता कुठे सुरू होतो आहे, म्हणून आत्ताच बोलायला हवे.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. परक्या कंपनीसाठी दार उघडणे सरकारच्या हातात असते, आणि मनात आणले तर ते फार लवकर जमते. पण ती कंपनी तिथे टिकणे, आणि तिच्या येण्याने देशाचे भले होणे, हे त्या एका सरकारच्या हातात नसते. ते शेजाऱ्यांच्या मर्जीवर असते, पुढच्या सरकारने मागच्याचा शब्द पाळण्यावर असते आणि जिथे कंपनी खणते त्या दरीतल्या माणसांवर असते. लहान देशात तर हे फारच ठळक दिसते.

लहान म्हणजे केवढा? लोकसंख्या सुमारे ३७ लाख. आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत याहून थोडी जास्त होती. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाव भागाहून कमी. वर्षाचे राष्ट्रीय उत्पन्न २०२३ साली साधारण ३० अब्ज डॉलर. आता सांगा, एवढ्याशा बाजारपेठेत साबण, मोटारी किंवा सिमेंट विकायला लंडनची किंवा ह्यूस्टनची कंपनी कशाला जाईल? मग ती तिथे जाते कशासाठी?

ती वाटेसाठी जाते. ही गोष्ट आजची नाही. १८८३ मध्ये अझरबैजानातल्या बाकूहून बाटुमी बंदरापर्यंत रेल्वे पोहोचली आणि कॅस्पियनच्या काठचे तेल समुद्राला मिळाले. नोबेल बंधू त्या धंद्यात होते, पॅरिसचे रॉथस्चाइल्ड होते. १८९२ मध्ये मार्कस सॅम्युएल या लंडनच्या व्यापाऱ्याचे ‘म्युरेक्स’ नावाचे तेलवाहू जहाज बाटुमीत रॉकेल भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे निघाले. तेल पिंपांत न भरता थेट जहाजाच्या पोटात भरून सुएझ ओलांडणारे ते पहिले जहाज. पुढे याच सॅम्युएलच्या व्यवसायातून शेल कंपनी उभी राहिली. पूर्वेकडच्या घराघरांतल्या चिमण्या ज्या रॉकेलवर जळत, त्यातले बरेचसे बाटुमीच्या धक्क्यावरून आलेले असे. आणि त्याच बाटुमीत १९०२ मध्ये रॉथस्चाइल्डांच्या कारखान्यातल्या कामगारांचा मोठा संप झाला. तो घडवणाऱ्यांत एक जॉर्जियन तरुण होता, ज्याला जग पुढे स्टालिन म्हणून ओळखू लागले. परके भांडवल आणि त्याने नाराज केलेली माणसे, दोघे एकाच गावात, एकाच वेळी.

दुसरी वस्तू मँगनीज. पोलादाला मँगनीज लागतेच. पहिल्या महायुद्धाआधी जगाला ते पुरवणारी दोन मोठी ठिकाणे होती : रशियन साम्राज्यातले चिआतुरा आणि आपल्याकडचा नागपूर, भंडारा, बालाघाटचा पट्टा. चिआतुरा म्हणजे जॉर्जिया. १९२५ मध्ये सोव्हिएत सरकारने या खाणी चालवायला अमेरिकेच्या अॅव्हरेल हॅरिमन यांना दिल्या. वीस वर्षांचा करार होता, तो तीन वर्षांत, १९२८ ला मोडला. बाजारभाव पडले, सरकारशी मतभेद झाले. कम्युनिस्ट राजवटीनेसुद्धा परकी कंपनी बोलावून पाहिली होती, हे आपण सहसा विसरतो.

एप्रिल १९९१ मध्ये जॉर्जिया स्वतंत्र झाला आणि कोसळला. गृहयुद्ध झाले, अबखाझिया प्रांत हातातून गेला. तीन-चार वर्षांत उत्पादन पूर्वीच्या एक तृतीयांशाहून खाली आले. सोव्हिएत काळात कारखाने परस्परांना माल देत. एकाचे सुटे भाग युक्रेनमध्ये, दुसऱ्याचा कच्चा माल कझाकस्तानात. ती साखळी तुटल्यावर यंत्रे भंगारात निघाली. हंगामी चलन म्हणून कूपन काढले होते, त्याला रद्दीचीही किंमत उरली नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये लारी हे नवे चलन आले तेव्हा कुठे श्वास घेता आला. ‘संक्रमणातली अर्थव्यवस्था’ हा शब्द आपण पुस्तकात वाचतो. त्बिलिसीत त्याचा अर्थ होता हिवाळ्याच्या रात्री अंधारात, रॉकेलच्या शेगडीजवळ बसून काढणे.

त्या अंधारात एक अमेरिकी कंपनी उतरली. एईएस. डिसेंबर १९९८ मध्ये तिने त्बिलिसीची वीज वितरण कंपनी तेलासी विकत घेतली. कल्पना साधी होती : घरोघर मीटर बसवू, बिल वसूल करू, वीज चोवीस तास देऊ. मीटर बसले. पण सोव्हिएत काळात वीज जवळजवळ फुकट होती, आणि आता पगारच मिळत नव्हता, तर बिल भरायचे कशातून? लोकांनी खांबांवरून तारा ओढल्या. ज्यांचे राजकीय वजन होते असे कारखाने पैसे न देता वीज घेत राहिले. वीज बनवणारे आणि ती शहरापर्यंत आणणारे यांच्यातच इतका भ्रष्टाचार होता की कंपनीने प्रामाणिकपणे वसुली केली तरी तिला पुरेशी वीज मिळेना. २००२ मध्ये कंपनीच्या एका जॉर्जियन अधिकाऱ्याचा खून झाला. २००३ मध्ये मोठा तोटा सोसून एईएसने कंपनी रशियाच्या सरकारी वीज कंपनीला विकली आणि ती निघून गेली. या सगळ्यावर ‘पॉवर ट्रिप’ नावाचा उत्तम माहितीपट आहे. वीज मंडळात काम केलेल्यांनी तो जरूर पाहावा.

इथे बसलेल्या अनेकांना या क्षणी गुहागर आठवले असेल. तिथल्या दाभोळ वीज प्रकल्पासाठीचा एन्रॉनचा करार १९९५ मध्ये रद्द झाला, पुन्हा झाला आणि २००१ मध्ये पुन्हा बंद पडला. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. दाभोळला वीज फार महाग होती, त्बिलिसीत विजेचे पैसे देणारेच नव्हते. पण दोन्हीकडे एक प्रश्न समान आहे : करारावर सही करताना, शेवटी पैसे कोण भरणार आणि त्याला ते परवडणार का, हे कुणी विचारले होते?

नोव्हेंबर २००३ मध्ये गुलाबक्रांती झाली. राष्ट्राध्यक्ष शेवार्दनात्झे गेले, साकाश्विली आले. आणि मित्रहो, यानंतर या देशाने जे केले त्याचा अभ्यास जगभर झाला, तो व्हायलाच हवा होता.

२००४ च्या उन्हाळ्यात त्यांनी वाहतूक पोलिसांचे दल एका फटक्यात बरखास्त केले. रस्त्यावर लाच दिल्याशिवाय गाडी पुढे जात नसे, ते थांबले. नवे पोलीस नेमले, चांगले पगार दिले, पोलीस ठाणी काचेच्या भिंतींची बांधली. कराचे वीसहून अधिक प्रकार होते, ते काही वर्षांत सहावर आणले. काखा बेंदुकित्झे नावाचे जॉर्जियन उद्योगपती रशियात पैसा मिळवून परत आले होते, त्यांना अर्थमंत्री केले. त्यांनी सरकारी मालमत्ता झपाट्याने विकायला काढली. सदसद्विवेक सोडला तर सगळे विकायला आहे, असे ते उघड म्हणत. मला त्यांचा हा उत्साह पुरता पटत नाही. पण बंद पडलेले, लुटले जाणारे कारखाने सरकारने धरून ठेवण्यातही अर्थ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. नव्या कंपनीची नोंदणी एका दिवसात होऊ लागली, जमिनीच्या नोंदी संगणकावर आल्या आणि जमिनीचा व्यवहार काही तासांत पुरा होऊ लागला. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नाव चढवायला तलाठी कार्यालयाचे किती उंबरे झिजवावे लागत, ते आठवा, म्हणजे या गोष्टीची किंमत कळेल. २०१७ पासून कंपनीचा नफा धंद्यातच राहिला तर त्यावर कर नाही. तो वाटून घेतला तरच १५ टक्के कर. ही पद्धत त्यांनी एस्टोनियाकडून घेतली.

जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत जॉर्जिया एका वर्षात ११२ वरून ३७ वर आला आणि २०२० च्या अहवालात सातव्या क्रमांकावर पोहोचला. ती यादी पुढे खुद्द बँकेनेच २०२१ मध्ये बंद केली, कारण काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे निघाले. त्यात जॉर्जियाचे नाव नव्हते. तरी मला ती यादी नेहमीच अपुरी वाटली. परवाना किती दिवसांत मिळतो हे ती मोजत होती. परवाना मिळाल्यावर दहा वर्षांनी कंपनी कुठे असते, आणि शेजारचे गाव कुठे असते, हे ती मोजत नव्हती.

म्हणून दार उघडल्यानंतर काय झाले, ते पाहू.

आधी तेलाची वाट. बाकूचे तेल युरोपला न्यायचे तर चार रस्ते. रशियातून नेले तर नळ रशियाच्या हातात. इराणमधून अमेरिका नेऊ देणार नाही. आर्मेनिया आणि अझरबैजान यांचे वैर. उरला जॉर्जिया. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या पुढाकाराने बाकू, त्बिलिसी आणि तुर्कस्तानातले जेहान अशी १,७६८ किलोमीटरची नळवाहिनी झाली. तिचा २४९ किलोमीटरचा तुकडा जॉर्जियात आहे. २००६ मध्ये जेहानहून तेलाची जहाजे निघू लागली. ही वाहिनी बोर्जोमीच्या खनिज झऱ्यांच्या परिसरातून जाणार म्हणून देशात मोठा वाद झाला. २००२ मध्ये पर्यावरण खात्याची परवानगी प्रचंड राजकीय दबावाखाली निघाली. २००४ मध्ये नव्या सरकारने काही दिवस काम थांबवून सुरक्षेची जादा हमी मिळवली. मला ही घटना महत्त्वाची वाटते. लहान देश मोठ्या कंपनीसमोर अगदीच हतबल नसतो. वाट दुसरीकडून नेता येत नाही हे त्याला कळले, तर त्याला घासाघीस करता येते.

पण वाट कुठे हलत नसली तरी ती ज्या शेजाऱ्यांतून जाते त्यांचे काय? जानेवारी २००६ मध्ये कडाक्याच्या थंडीत रशियाच्या हद्दीत गॅसवाहिनीवर स्फोट झाले आणि जॉर्जिया गारठला. त्याच वसंत ऋतूत रशियाने जॉर्जियन वाईनवर आणि मग बोर्जोमीच्या पाण्यावर बंदी घातली. आठ हजार वर्षे वाईन करणारा हा देश, पाचशेच्या वर द्राक्षांच्या जाती असलेला. त्याच्या निर्यातीचा फार मोठा भाग एकाच गिऱ्हाइकाकडे जात होता, आणि त्या गिऱ्हाइकाने दार लावले. ऑगस्ट २००८ मध्ये तर रशियाशी युद्धच झाले. गुंतवणूक घसरली आणि कित्येक प्रकल्पांचे कर्ज अडले.

वाईनच्या बंदीतून एक चांगली गोष्ट निघाली. मिळेल त्या गोडसर मालाऐवजी दर्जेदार वाईन करणे भाग पडले. मातीचे मोठे रांजण जमिनीत पुरून त्यात वाईन मुरवण्याची त्यांची रीत २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली, नवे देश गिऱ्हाईक झाले. त्याच वर्षी रशियाने बंदी उठवली. आणि आज? निर्यातीतली निम्म्याहून अधिक वाईन पुन्हा रशियातच जाते. जवळचा बाजार, ओळखीची चव, ठरलेले व्यापारी. आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाईतदारांना आणि कांदा उत्पादकांना यातली ओढ आणि यातली भीती, दोन्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

बोर्जोमीच्या पाण्याची पुढची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. २०१३ मध्ये या कंपनीचा मोठा हिस्सा रशियन उद्योगपती मिखाईल फ्रिडमन यांच्या अल्फा समूहाने घेतला. त्या वेळी त्यात कुणाला धोका दिसला नाही. पैसा येत होता, बाटल्या जगभर जात होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, फ्रिडमनवर पाश्चात्त्य देशांनी निर्बंध घातले आणि बँकांनी बोर्जोमीचे व्यवहार थांबवले. कारखाने बंद पडले. डोंगरातल्या एका गावाचे पोट ज्यावर चालते ते पाणी झऱ्यातून वाहत होते, आणि ते बाटलीत भरायला पैसे नव्हते. कामगार संपावर गेले. अखेर अल्फा समूहाने ७.७३ टक्के हिस्सा जॉर्जिया सरकारला मोफत दिला, त्यामुळे त्याचा वाटा निम्म्याच्या खाली आला आणि काम पुन्हा सुरू झाले. भांडवलाला देश नसतो असे आपण ऐकत आलो. बोर्जोमीच्या कामगारांना कळले की भांडवलाला देश असतो, आणि त्या देशाने केलेल्या युद्धाचे बिल त्यांच्या पगारातून वसूल होऊ शकते.

आता पाण्याकडे, म्हणजे विजेकडे येतो. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण इथे आपलाही संबंध आहे.

जॉर्जियाच्या डोंगरांत नद्या आहेत, उतार आहेत. एनगुरीचे धरण २७१ मीटर उंच, कमानी धरणांत जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. धरण जॉर्जियाच्या ताब्यात आणि त्याचे वीजघर अबखाझियात. तीस वर्षे दोन्ही बाजूंचे वैर आहे, तरी त्या वीज वाटून घेतात. या देशाची वीज वसंत आणि उन्हाळ्यात भरपूर, बर्फ वितळते तेव्हा. हिवाळ्यात मात्र ती अपुरी. म्हणून परक्या कंपन्यांना सरकारने सांगितले : वीजघरे बांधा, उन्हाळ्यात तुर्कस्तानला वीज विका, हिवाळ्यात आम्हाला द्या.

अद्जारा हा बाटुमीच्या मागचा डोंगराळ प्रांत. तिथे शुआखेवीचा १८७ मेगावॉटचा प्रकल्प नॉर्वेच्या एका कंपनीने आणि आपल्या मुंबईच्या टाटा पॉवरने मिळून बांधला. जागतिक बँक गटातले आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ भागीदार झाले, युरोपीय आणि आशियाई विकास बँकांनी कर्ज दिले. तीस किलोमीटरहून अधिक लांबीचे बोगदे. २०१३ मध्ये काम सुरू झाले, २०१७ मध्ये वीजघर तयार झाले आणि काही महिन्यांतच बोगद्यातला भाग ढासळून ते बंद पडले. दुरुस्तीला वर्षे गेली. मार्च २०२० मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. मधल्या काळात डोंगरातल्या गावांनी तक्रारी केल्या : स्फोटांनी घरांना तडे गेले, दरडींची भीती वाढली. तो भाग मुळातच दरडींचा. कुठली भेग जुनी आणि कुठली स्फोटाने पडलेली, हे सिद्ध करणे अवघड. पण रात्री त्या घरात झोपणाऱ्याला या वादाने काय दिलासा मिळणार?

आपण मुळशी कसे विसरू? खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ चे. मग मुळशीचे धरण, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांचा सत्याग्रह. आधी न विचारता शेतांत चर खणले, ही त्यांची मूळ तक्रार होती. धरण झाले, मुंबईला वीज मिळाली, मावळातली भातखाचरे पाण्याखाली गेली. शंभर वर्षांनी त्याच उद्योगसमूहाची कंपनी अद्जाराच्या दरीत उभी राहते आणि तसाच प्रश्न समोर येतो. मी हे दोष देण्यासाठी सांगत नाही. टाटांच्या त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, लाखो कोकणी आणि घाटावरच्या माणसांची पोटे भरली. आणि आजच्या अद्जाराच्या गावकऱ्याला एक गोष्ट मिळाली आहे जी मुळशीच्या शेतकऱ्याला नव्हती : कर्ज देणाऱ्या संस्थेकडे थेट तक्रार नेण्याची यंत्रणा. ती पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही. पण महाराष्ट्रातून जो उद्योजक बाहेरच्या देशात जातो त्याच्या गाठीशी मुळशीचा अनुभव आहे, आणि त्याने तो विसरून जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

ज्यांनी गावांकडे पाहिले नाही त्यांचे काय झाले, तेही जॉर्जियातच दिसते. रिओनी नदीवर नमाखवानीचा ४३३ मेगावॉटचा प्रकल्प तुर्कस्तानच्या एन्का कंपनीने घेतला. २०२० च्या अखेरीस दरीतल्या लोकांनी तंबू ठोकले. शेतकरी, धर्मगुरू, तरुण, सगळे. हिवाळाभर बसून राहिले. करार राज्याच्या हिताचा आहे का, भूकंपप्रवण भागात धरण कितपत योग्य, हा वाद राजधानीपर्यंत गेला, मोर्चे निघाले. सप्टेंबर २०२१ मध्ये एन्काने करार सोडत असल्याचे जाहीर केले. परवाने सगळे होते. सरकार बाजूने होते. देश व्यवसायसुलभतेत सातवा होता. काय कमी पडले?

जमिनीचेही असेच. सरकारने २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांना आमंत्रण दिले. मागोमाग पंजाबातले शेतकरी गेले. स्वस्त, सुपीक जमीन, आणि नोंदणी काही तासांत. पण तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे एक हेक्टरसुद्धा जमीन नाही. गावागावांत अस्वस्थता पसरली, सरकार बदलले आणि २०१३ मध्ये परक्यांना शेतजमीन विकण्यावर बंदी आली. न्यायालयाने ती २०१४ मध्ये रद्द ठरवली. पुढे राज्यघटनेतच दुरुस्ती झाली आणि २०१८ पासून शेतजमीन परक्याला घेता येत नाही, अपवाद अगदी थोडे. पंजाबच्या त्या शेतकऱ्यांबद्दल मला वाईट वाटते, कारण त्यांनी कायदा मोडला नव्हता. पण आपल्या कूळकायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. ती भावना परक्या देशातल्या शेतकऱ्याचीही असणार, हे आपल्याला तरी कळायला हवे.

बाकी गोष्टी थोडक्यात सांगतो. जॉर्जियात मोटारीचा कारखाना नाही, तरी अलीकडच्या वर्षांत निर्यातीत मोटारी सर्वांत वर आहेत. अमेरिकेतल्या वापरलेल्या, ठोकलेल्या गाड्या पोती बंदरात उतरतात, रुस्तावीच्या बाजारात जातात, दुरुस्त होतात आणि आर्मेनिया, अझरबैजान, कझाकस्तान, किर्गिझस्तानात विकल्या जातात. हजारो मेकॅनिकांना काम मिळाले आहे. पण ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकी गाड्या रशियाला विकण्यावर बंधने आली. हाही वाटेचाच धंदा, तोही दुसऱ्याच्या निर्णयावर.

अनाक्लियाचे खोल पाण्याचे बंदर हे या देशाचे मोठे स्वप्न. २०१६ मध्ये जॉर्जियन आणि अमेरिकी भागीदारांशी करार झाला, जानेवारी २०२० मध्ये सरकारने तो रद्द केला, प्रकरण लवादात गेले. २०२४ मध्ये चिनी कंपनीच्या गटाचा एकच प्रस्ताव उरल्याचे सरकारने जाहीर केले. एका बंदराला अमेरिका आणि चीन अशा दोन दिशा दाखवून झाल्या, आणि किनाऱ्यावरचे अनाक्लिया गाव अजून जहाजांची वाट पाहते आहे.

आणि आता राजकारण. २०१४ मध्ये युरोपीय संघाशी सहयोग करार झाला, त्यातून मुक्त व्यापार आला. २०१८ पासून चीनशीही मुक्त व्यापार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपने जॉर्जियाला सदस्यत्वाचा उमेदवार केले. पुढच्याच वर्षी परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवरचा कायदा आला, ऑक्टोबरमध्ये वादग्रस्त निवडणूक झाली आणि २८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरकारने सदस्यत्वाची बोलणी २०२८ पर्यंत पुढे ढकलली. त्या रात्रीपासून त्बिलिसीच्या रुस्तावेली रस्त्यावर रोज निदर्शने होऊ लागली. कराचा दर तोच आहे, नोंदणी आजही एका दिवसात होते. तरी गुंतवणूकदार विचारतो आहे : पाच वर्षांनी हा देश कुणाच्या बाजूला असेल?

तुम्ही मला विचाराल, आमच्या मुलांनी जायचे की नाही? हजारो भारतीय मुले तिथे वैद्यकीय शिक्षण घेतात, त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत. आपली औषधे तिथे विकली जातात. फळप्रक्रिया, शीतगृहे, लहान यंत्रे, माहिती तंत्रज्ञान, यांत आपल्या मध्यम कंपन्यांना जागा आहे असे मला वाटते. जा, जरूर जा. पण त्बिलिसीत नोंदणीचा कागद हातात पडला की काम झाले असे समजू नका. तुमचा माल कुठल्या सीमेवरून जाणार, ती सीमा गेल्या वीस वर्षांत किती वेळा बंद झाली, हे पोतीच्या धक्क्यावरच्या माणसाला विचारा. भागीदाराचा पैसा कुठल्या देशातला आहे ते पाहा. तुमचा करार फक्त सत्ताधाऱ्यांनी वाचला आहे की विरोधकांनीही, याची चौकशी करा, कारण उद्या ते सत्तेत असतील. कारखाना ज्या गावात उभारणार तिथे पायाभरणीच्या आधी जाऊन बसा, दुभाषा स्वतःचा न्या, आणि तिथले लोक नाही म्हणाले तर ते का नाही म्हणतात ते लिहून घ्या. याला वेळ लागेल. कर्जावरचे व्याज वाढेल. नमाखवानीत एन्काचे जे गेले, त्यापुढे ते थोडेच असेल.

ही यादी मी फक्त जॉर्जियाला जाणाऱ्यांसाठी केलेली नाही. परक्या कंपन्या आपल्याकडेही येत आहेत, कोकणच्या किनाऱ्यावर, मराठवाड्याच्या औद्योगिक वसाहतींत, विदर्भाच्या खाणींत. तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आपण बसलेले असू, आणि समोरचा आपल्या गावात येऊन बसतो का, हे आपल्याला पाहता येईल.

माझ्या मांडणीवर आता तुमचे प्रश्न ऐकायला मला आवडेल. अध्यक्षांनी वेळ राखून ठेवला आहे.